सुपरहिरोंचे पोशाख, शतकी अंक आणि वाचकांचा दावा

अमेरिकेतील सुपरहिरो कॉमिक्सच्या इतिहासात पोशाखबदल जितका जुना आहे, तितका त्यावरील वाचकांचा संताप जुना नाही, आणि या दोहोंमधील वीस-पंचवीस वर्षांच्या अंतरातच या इतिहासाची खरी गोम दडलेली आहे. १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातून जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन अवतरला तेव्हा त्याच्या छातीवरचे चिन्ह एखाद्या बिल्ल्याएवढे लहान होते आणि सुरुवातीच्या अंकांत त्याच्या पोटऱ्यांवर बंद आवळलेले दिसत, पुढच्याच वर्षी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात आलेल्या बॅटमॅनचे हातमोजे जांभळे होते. काही वर्षांतच बिल्ला वाढला, बंद गेले, हातमोजे निळे झाले, पण त्याबद्दल कोणी जाब विचारला नाही. दहा सेंट किमतीचा तो अंक लहान मुलांसाठी असे, मुले दर चार-पाच वर्षांनी मोठी होऊन कॉमिक्स वाचणे सोडून देत आणि त्यांच्या जागी नवी मुले येत, असा प्रकाशकांचा ठाम समज होता. जुना पोशाख आठवत असलेला वाचक टिकून असेल, हेच त्यांच्या हिशेबात नव्हते.

त्या काळातील बदलांमागची कारणेही बहुतेक वेळा छापखान्यातील असत. हलक्या प्रतीच्या वृत्तपत्री कागदावर चार शाई एकमेकांवर बसवून ठिपक्यांनी रंग साधण्याच्या त्या पद्धतीत लाल, निळा, पिवळा हे भडक रंग खुलून दिसत, करड्या रंगाची मात्र दैना होई. मार्व्हल कंपनीचा हल्क १९६२ च्या पहिल्या अंकात करडा होता. ती छटा पानागणिक बदलू लागली, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. आयर्न मॅनचे करडे चिलखत १९६३ मध्ये दुसऱ्याच कथेत सोनेरी झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्टीव्ह डिटको यांनी त्याला आजचे लाल-सोनेरी रूप दिले. डेअरडेव्हिलचा पिवळा पोशाख सातव्या अंकात वॉली वुड यांनी संपूर्ण लाल केला. मराठी वाचकांना ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून ‘वेताळ’ या नावाने परिचित असलेल्या फँटमची कथा तर आणखी मासलेवाईक आहे. लेखक ली फॉक यांच्या मनात त्याचा पोशाख करडा होता, परंतु १९३६ मध्ये सुरू झालेली ही काळ्या-पांढऱ्या चित्रांची दैनिक मालिका १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पुरवणीत गेली, तेव्हा तो जांभळा छापला गेला. इटलीत लाल, तर स्कँडिनेव्हियात निळा वेताळ वाचकांच्या पिढ्यांनी खरा मानला. ज्या रंगाला पुढे चाहते ‘मूळ’ म्हणून कवटाळून बसले, तो कित्येकदा शाईच्या अडचणीतून आलेला होता.

वाचक टिकू लागला आणि त्याला बोलण्यासाठी जागा मिळाली, तेव्हा चित्र पालटले. ही जागा मिळवून देण्यात वाङ्मयीन औदार्यापेक्षा अमेरिकी टपाल खात्याच्या नियमांचा वाटा मोठा होता, हे या इतिहासातील एक गमतीदार सत्य आहे. नियतकालिकांसाठी असलेल्या द्वितीय श्रेणीच्या स्वस्त टपालदराचा लाभ घ्यायचा, तर कॉमिक्सच्या अंकात चित्रांखेरीज निदान दोन पाने निव्वळ मजकूर असणे आवश्यक होते. आरंभी ही पाने भरण्यासाठी कोणी वाचत नसलेल्या छोट्या गोष्टी छापल्या जात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस संपादकांच्या लक्षात आले की वाचकांची पत्रे छापली तरी नियम पाळला जातो, शिवाय लेखकाला मानधनही द्यावे लागत नाही. दुसरा परिणाम अंकांच्या क्रमांकांवर झाला. प्रत्येक नव्या नियतकालिकासाठी टपालाचा नवा परवाना आणि त्याचे शुल्क भरावे लागे, म्हणून प्रकाशक शक्य तेव्हा जुन्या मासिकाचा क्रमांक पुढे चालवत. १९४९ मध्ये १०४ व्या अंकावर बंद पडलेले ‘फ्लॅश कॉमिक्स’ १९५९ मध्ये नवा नायक, नवा पोशाख आणि ‘द फ्लॅश’ हे नवे नाव घेऊन परतले, ते १०५ व्या क्रमांकापासून. पुढे ज्या दोन गोष्टींवरून वाचक आणि प्रकाशक यांच्यात झगडे झाले, म्हणजे पत्रांतून व्यक्त होणारे मत आणि अंकाचा अखंड क्रमांक, त्या दोन्ही अशा काटकसरीतून आकाराला आल्या.

डीसी कंपनीचे संपादक जूलियस श्वार्ट्झ यांनी १९६० च्या सुमारास पत्रलेखकांचे संपूर्ण पत्ते छापण्यास सुरुवात केली. त्यामुळे देशभर विखुरलेले वाचक एकमेकांना परस्पर पत्रे लिहू लागले, आणि त्यातून ‘फॅनझीन’ हा प्रकार, म्हणजे चाहत्यांनी स्वखर्चाने चक्रमुद्रित करून टपालाने वाटलेली हौशी नियतकालिके, कॉमिक्सच्या क्षेत्रात रुजला. डेट्रॉइटमधील प्राध्यापक जेरी बेल्स यांनी मिसुरीतील तरुण शिक्षक रॉय टॉमस यांच्या साथीने १९६१ मध्ये काढलेले ‘ऑल्टर इगो’ हे त्यांतील सर्वांत प्रभावी ठरले. टॉमस पुढे मार्व्हलमध्ये लेखक झाले आणि १९७२ मध्ये मुख्य संपादकपदी पोहोचले. पिट्सबर्गचा जिम शूटर हा मुलगा तर चौदाव्या वर्षीच डीसीला कथा विकू लागला. अर्थात पोशाखांच्या बाबतीत वाचकांना हाताशी धरण्याचा मान सुपरहिरोंकडे जात नाही. तो बिल वॉगन यांच्या ‘केटी कीन’ या फॅशनविषयक कॉमिक्सकडे जातो. १९४५ पासून प्रसिद्ध होणाऱ्या या कथांत वाचकांनी, विशेषतः मुलींनी, पाठवलेली कपड्यांची रेखाटने त्यांच्या नावांसह वापरली जात. इतिहासकारांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, कदाचित ती मुलींची कॉमिक्स होती म्हणूनच.

१९६४ मध्ये खप घसरलेल्या बॅटमॅनची सूत्रे श्वार्ट्झ यांच्या हाती आली आणि ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३२७ व्या अंकापासून चित्रकार कार्माइन इन्फँटिनो यांनी त्याच्या छातीवरील वटवाघळाभोवती पिवळे लंबवर्तुळ आणले. हा सुपरहिरोच्या पोशाखातील पहिला असा बदल म्हणता येईल की ज्याची ‘नवे रूप’ म्हणून जाहिरात झाली आणि ज्यावर पत्रसदरांतून चर्चा झडली. पुढच्याच अंकात बॅटमॅनचा सेवक आल्फ्रेड मारला गेला. मात्र १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेला तो हवा होता म्हणून त्याला जिवंत करावे लागले. निर्णय बदलायला लावण्याची शक्ती तेव्हा वाचकांपेक्षा दूरचित्रवाणीकडे अधिक होती.

वाचकांच्या दाव्याचे राजकीय रूप प्रथम दिसले ते वंडर वूमनच्या बाबतीत. मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी १९४१ मध्ये निर्माण केलेल्या या नायिकेचा खप रोडावल्यावर १९६८ मध्ये लेखक डेनी ओ’नील आणि चित्रकार माइक सेकाउस्की यांनी तिची दैवी शक्ती काढून घेतली, ताऱ्यांचा पोशाख उतरवला आणि तिला त्या काळच्या फॅशनचे पांढरे कपडे घालून कपड्यांचे दुकान चालवायला लावले. स्वबळावर, युद्धकलेच्या जोरावर लढणारी स्त्री दाखवणे हा ओ’नील यांच्या दृष्टीने पुरोगामी बदल होता. लहानपणी मूळ वंडर वूमनवर पोसलेल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या ग्लोरिया स्टायनम यांना त्यात नेमके उलटे दिसले: पुरुष नायकांची शक्ती शाबूत असताना एकमेव मोठ्या नायिकेची तेवढी हिरावली गेली होती. स्टायनम यांनी ‘मिज’ या स्त्रीवादी मासिकाच्या जुलै १९७२ च्या अंकावर जुन्या पोशाखातील वंडर वूमन झळकवली, आणि १९७३ च्या आरंभी २०४ व्या अंकात शक्ती व पोशाख दोन्ही परत आले. या लढ्यात उघडी मांडी आणि छाती दाखवणारा तो पोशाख स्त्रीवाद्यांच्या बाजूने उभा राहिला आणि अंगभर कपडे त्यांच्या विरोधात, हे लक्षात घेतल्यावाचून पुढील वाद कळत नाहीत. पोशाख किती झाकतो यापेक्षा तो कोणाच्या निर्णयाने उतरवला गेला, हा प्रश्न अधिक मूलगामी होता.

१९८४ मधील स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचे प्रकरण याहून वेगळे आहे, कारण तेथे कल्पनाही वाचकाचीच होती. १९८२ मध्ये इलिनॉय राज्यातील एका तरुण वाचकाने मार्व्हलला काळ्या पोशाखाची कल्पना लिहून पाठवली आणि तोवर मार्व्हलचे मुख्य संपादक झालेले जिम शूटर, म्हणजे एके काळचा तोच चौदा वर्षांचा मुलगा, यांनी ती २२० डॉलरना विकत घेतली. मे १९८४ असा महिना छापलेल्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या २५२ व्या अंकात तो पोशाख अवतरला. (अंक प्रत्यक्षात त्याआधी दोन-तीन महिने विक्रीस येत; विक्रेत्याने अंक शिळा समजून उचलून ठेवू नये म्हणून पुढचा महिना छापण्याची प्रथा होती.) बातमी आधीच फुटल्यामुळे एकही पान पाहण्यापूर्वी नापसंतीची पत्रे येऊन पडली, आणि नोव्हेंबरच्या २५८ व्या अंकात हा पोशाख म्हणजे एक सजीव परोपजीवी असल्याचे उघड करून तो अंगावरून उतरवलाही गेला. परंतु दरम्यान वाचकांना तो आवडू लागला होता, म्हणून त्याच नमुन्याचा साधा कापडी पोशाख शिवून नायक आणखी काही वर्षे काळ्यातच वावरला. मे १९८८ च्या ३०० व्या अंकात लाल-निळा पोशाख परतला आणि टाकून दिलेला काळा परोपजीवी एका सूडाने पेटलेल्या माणसाच्या अंगावर चढून ‘व्हेनम’ झाला. वाचकांच्या रागाचा विक्रीशी थेट संबंध लावता येत नाही, हे प्रकाशकांनी याच सुमारास ओळखले. रागावलेला वाचक अंक विकत घेतच होता, किंबहुना रागावण्यासाठीच घेत होता.

या शोधाचा वापर करण्यास बाजारपेठही अनुकूल झाली होती. १९७० च्या दशकात फिल स्यूलिंग यांच्या पुढाकाराने कॉमिक्स थेट खास दुकानांना विकण्याची पद्धत आली. या पद्धतीत दुकानदाराला सवलत जास्त मिळे, पण न खपलेला अंक परत करता येत नसे. त्यामुळे मागणी महिनोन् महिने आधी नोंदवावी लागे, आणि ती वाढवण्यासाठी मृत्यू, नवा पोशाख किंवा मोठा क्रमांक यांसारखी आगाऊ बातमी लागे. १९८८ मध्ये तर डीसीने बॅटमॅनचा साथीदार असलेल्या दुसऱ्या रॉबिनने, म्हणजे जेसन टॉडने, जगावे की मरावे यावर दूरध्वनीवरून मतदान घेतले. एका मताला ५० सेंट पडत होते. ५,३४३ मते मृत्यूच्या बाजूने आणि ५,२७१ विरुद्ध पडली, आणि ७२ मतांनी एक मुलगा मेला. वाचकांच्या हक्काची ही सर्वांत उघडी आणि सर्वांत ओंगळ मांडणी होती. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मेला तेव्हा ७५ वा अंक काळ्या पिशवीत, दंडावर बांधायच्या काळ्या फितीसह विकला गेला. ‘बॅटमॅन’चा ५०० वा अंक १९९३ मध्ये निघाला, त्यात जाँ-पॉल व्हॅली या बदली बॅटमॅनने धारदार नखांचे, यंत्रासारखे चिलखत चढवले, निर्दय नायकाची मागणी करणाऱ्या वाचकांना त्याचे टोक दाखवणे, असा त्यामागे संपादकांचा हेतू होता, आणि जुना बॅटमॅन परतला तेव्हा तो साधलाही. ‘ग्रीन लँटर्न’च्या ५० व्या अंकाने हॅल जॉर्डन या नायकालाच खलनायक केले, तेव्हा चाहत्यांनी चक्क संघटना उभारून दशकभर तक्रार चालवली. पुढे भाव वाढेल या आशेने एकेका अंकाच्या पाच-पाच प्रती साठवणाऱ्या सट्टेबाजांमुळे फुगलेला हा बाजार १९९३ नंतर कोसळला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली.

क्रमांकांचा अर्थ याच काळात उलटा झाला. पूर्वी मोठा क्रमांक म्हणजे मासिक टिकाऊ असल्याची विक्रेत्याला मिळालेली ग्वाही होती. संग्राहकांच्या बाजारात मात्र पहिल्या अंकाला भाव आला, म्हणून प्रकाशक चालू मालिका थांबवून ती पुन्हा १ पासून सुरू करू लागले. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ ४४१ अंकांनंतर १९९९ मध्ये पुन्हा पहिला झाला आणि २००३ मध्ये सगळे अंक एकत्र मोजून ५०० व्या क्रमांकावर आला. २०१२ च्या अखेरीस निघालेल्या ७०० व्या अंकात खलनायकाच्या मनाने पीटर पार्करच्या, म्हणजे स्पायडरमॅनच्या, देहाचा ताबा घेतला, तेव्हा लेखक डॅन स्लॉट यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. दीड वर्षाने खरा पीटर परतला तेव्हा मालिका अर्थातच पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू झाली. ‘वंडर वूमन’च्या बाबतीत मात्र क्रमांक वाचकांनी मागून घेतला. डीसीने ६०० पोस्टकार्डे आली तर जुना क्रम परत आणू असे सांगितले, सातशेहून अधिक आली, आणि नव्या क्रमाच्या ४४ व्या अंकानंतर थेट ६०० वा अंक निघाला. २०१० मधील त्या अंकात तिला चित्रकार जिम ली यांनी रेखाटलेला नवा पोशाख मिळाला: आखूड जाकीट आणि पायघोळ काळी विजार. वाचकांनी मागितला होता इतिहास. हाती पडली ती विजार. ज्या स्टायनम यांनी १९७२ मध्ये जुना पोशाख उचलून धरला होता, त्यांनी याही वेळी आक्षेप घेतला. सामर्थ्य दाखवायला विजारच लागते ही समजूत त्यांना मान्य नव्हती. पुढच्या वर्षी डीसीने सर्व मालिका नव्याने सुरू केल्या, तेव्हा आगाऊ प्रसिद्ध झालेल्या चित्रांत विजार होती आणि छापलेल्या अंकात ती नव्हती.

या वादात भारताचा संबंध एका छोट्या पण खऱ्या उदाहरणापुरता येतो. २००४ मध्ये गॉथम एंटरटेन्मेंट या कंपनीने मार्व्हलच्या परवान्याने ‘स्पायडरमॅन: इंडिया’ ही चार अंकांची मालिका काढली, तिचा नायक पवित्र प्रभाकर खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला होता आणि चित्रकार जीवन कांग यांनी त्याला लाल-निळ्या अंगरख्याखाली धोतर नेसवले होते. पीटर पार्करच्या नावाशी जुळवून घडवलेले हे नाव मुंबईच्या कोणत्याही हजेरीपटावर सापडणे कठीण, आणि इमारतींवरून उड्या मारताना धोतर कसे सावरायचे हा प्रश्नही कथेने टाळलेला आहे. तरीही २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात पवित्र नव्या रेखाटनासह परतला, तेव्हा त्याचे स्वागत मूळ मालिकेपेक्षा कितीतरी उत्साहाने झाले. तो चित्रपट मराठीतही डब होऊन प्रदर्शित झाला होता.

सुपरमॅनच्या लाल चड्डीचा वाद या सर्व धाग्यांना एकत्र आणतो. १९३० च्या दशकातील सर्कशीतले बलदंड पहिलवान घट्ट विजारीवर आखूड चड्डी घालत, त्यावरून शूस्टर यांनी ती घेतली होती. सर्कशीतले पहिलवान विस्मरणात गेले आणि उरली ती केवळ थट्टेचा विषय झालेली चड्डी. २०११ मध्ये डीसीने ५२ मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या, त्यात ९०४ अंक झालेली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ही होती, आणि जिम ली यांनी सुपरमॅनची चड्डी काढून त्याला उंच गळपट्टीचा, चिलखतासारखा पोशाख दिला. एरवी चड्डीला हसणारे वाचकही ती गेल्यावर हळहळले. नव्या क्रमाचे ५२ अंक झाल्यावर २०१६ मध्ये जुना हिशेब जोडून ९५७ वा अंक काढण्यात आला आणि मासिक महिन्यातून दोनदा निघू लागले. त्यामुळे सुपरमॅनच्या ऐंशीव्या वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, १००० वा अंक बरोबर हाती आला. त्या अंकाचे मुखपृष्ठ जिम ली यांनीच काढले आणि त्यावर चड्डी परत आली. सीगल आणि शूस्टर यांना १९३८ मध्ये सुपरमॅनचे सर्व हक्क दिल्याबद्दल मिळाले होते १३० डॉलर. त्या करारानुसार त्यांचा दावा तेवढ्यावर संपला होता आणि वाचकांचा तर तो कधी सुरूच झाला नव्हता. जुलै २०१८ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा १००१ वा अंक दुकानांत आला, आणि त्याच महिन्यात त्याच लेखकाने लिहिलेले ‘सुपरमॅन’ हे दुसरे मासिक पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू झाले.